डाव्या कडेचा माणूस

ज्या खेळाचा एकही सामना मी पाहिला नव्हता, त्या खेळातल्या धिप्पाड माणसांच्या जागा बदलत बसायचं, हे तीन वर्षं माझं काम होतं. दोन हजार चारच्या पुढची गोष्ट. उल्हासनगरात कॅम्प चारला, फर्निचरच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. जिन्यात पॉलिशचा वास भरलेला असायचा आणि वर सोळा कॉम्प्युटर, एक कूलर आणि मालकाची काचेची केबिन. मालक सिंधी होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. सकाळी येताना प्रत्येकाच्या खुर्चीमागे क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "सब ठीक, बेटा?" उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

त्याआधी अकरा वर्षं मी अंबरनाथला रंगाच्या एका कंपनीत होते. लॅबमध्ये. डब्यातला रंग पत्र्याच्या पट्टीवर ओढायचा, वाळू द्यायचा आणि नमुन्याच्या पट्टीशेजारी धरून शेड जुळते का ते बघायचं. मग कंपनीने कारखाना गुजरातला हलवला. "येणार का?" असं आम्हाला विचारलं, पण विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक होतं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, भाऊ लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला होता, आणि मोरिवलीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि बाबा दोघंच उरलो होतो. मी नाही म्हटलं. पस्तिसाव्या वर्षी कॉलेजातल्या मुलींच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा क्लास केला आणि इथे लागले.

काम सांगायला सोपं होतं. अमेरिकेतली एक छोटी कंपनी कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवायची. त्यात माणसं पळताना वगैरे दिसत नसत. सगळे नुसते तक्ते. खेळणाऱ्याने टीमचा मॅनेजर व्हायचं, कुणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं आणि सामन्याचा निकाल आकड्यांत वाचायचा. त्यांच्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो पायाने खेळत नाहीत, हेही मला तिथेच कळलं. एका ओळीत पाच जाडजूड माणसं उभी राहतात. मधला वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, आणि त्यांच्याही बाहेर, अगदी कडेला, दोन टॅकल. या पाच जणांना चेंडू घेऊन पळायचं नसतं. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम.

प्रत्येक माणसाला आकडे दिलेले होते. ताकद, वेग, ढकलण्याची कुवत, आणि एक आकडा होता त्याला आम्ही ऑफिसात 'समज' म्हणायचो. या सगळ्यांचा मिळून शेवटी एक मोठा आकडा यायचा. माझं काम असं की, डावीकडचा गार्ड मध्ये आणायचा आणि आकडा किती पडला ते लिहायचं. तोच कडेला न्यायचा, लिहायचं. उजवीकडे न्यायचा, लिहायचं. पुन्हा मूळ जागी आणायचा. मग पुढचा माणूस. त्यांनी पाठवलेल्या चार्टशी आकडा जुळला तर ओके, नाही जुळला तर तो चौकोन लाल करायचा. जागा बदलली तरी माणसाची ताकद तीच राहायची, वेग तोच, वजन तेच. समज मात्र लगेच खाली यायची, आणि ती आली की मोठा आकडाही. मधल्याला कडेला नेलं की धाडकन पडायचा. कडेच्याला आत घेतलं की थोडाच. असे शेकडो जण. दुपारी तीननंतर मला ते आकडे दिसायचे पण वाचता यायचे नाहीत. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं. साडेसहाला जिना उतरून शेअर रिक्षात बसले की अंबरनाथ येईपर्यंत कुणाशी बोलावंसं वाटत नसे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कॅम्प पाचची एक सिंधी बाई बसायची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. तिची मुलगी पहिलीत होती, सासूकडे ठेवून यायची. आम्ही अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचो. तिचा हात माझ्या दुप्पट चालायचा. आमचा सुपरवायझर बदलापूरचा, तिशीच्या आतला. मी त्याला सर म्हणायचे आणि तो मला ताई. कामाबद्दल त्याचं एकच म्हणणं असायचं, "ताई, चार्ट बघा, आकडा बघा, पुढे चला. विचार करायचे पैसे ते आपल्याला देत नाहीत."

बाबा सरकारी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा उजवा गुडघा मी लहानपणापासून बघत आले होते. जिना चढताना आधी डावा पाय, मग उजवा ओढून त्याच पायरीवर. थंडीत रात्री तेल लावून ते तो चोळत बसायचे. मशीनवरून पडले होते, असं आई सांगायची. कारखान्याला शिव्या देताना ती नेहमी त्या गुडघ्यापासून सुरुवात करायची. बाबा ऐकून घ्यायचे.

एका रविवारी ते विहारातून आले आणि पंख्याखाली बसले. मी मेथी निवडत होते. त्यांनी एकाएकी विचारलं, "तू तिथे दिवसभर नक्की करतेस काय?"

इतक्या महिन्यांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटत नव्हतं. पण त्या दिवशी सांगितलं. मेथीच्या पाच काड्या कागदावर ओळीने ठेवल्या, कोण कुठे उभा राहतो ते दाखवलं, आणि म्हटलं, "याला उचलून इथे ठेवला की त्याची समज कमी होते. ताकद तेवढीच राहते."

मला वाटलं हसतील. ते काड्यांकडे बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बनवणाऱ्याला कळतंय."

"काय कळतंय?"

"ताकद कुठे जाणार? ताकद अंगातच असते. पण जागा बदलली की माणूस आधी विचार करतो. विचार केला की उशीर झाला." मग त्यांनी डाव्या कडेची काडी उचलून उजव्या कडेला ठेवली. "आणि याचं किती कमी होतं?"

"काहीच नाही. डावी कड नि उजवी कड सारखीच. शून्य."

"शून्य?"

"हो. चार्टमध्येच शून्य आहे."

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि मला म्हणाले, "इकडे ये. माझा उजवा हात धर."

मी हात पुसून त्यांचा उजवा हात धरला.

"मी डावा कोपरा. डाव्या कडेला उभा. तू माझ्या शेजारची, आपली साखळी. म्हणजे माझा उजवा हात अडकला, डावा मोकळा. चढाईवाला आला, मी त्याच्या घोट्यावर पडणार तो या डाव्या हाताने. नऊ वर्षं हेच केलं मी. झोपेतही केलं असतं. आता तू इकडे ये, माझ्या डाव्या बाजूला. डावा हात धर. आता मी उजवा कोपरा. चढाईवाला आला. कुठला हात निघेल माझा?"

मी त्यांचा डावा हात धरून उभी होते आणि तो हात माझ्या हातात हिसडला. उगीच दाखवण्यापुरता नाही. खरंच हिसडला.

"बघितलंस? हाच निघतो. आणि हाच अडकलेला आहे."

बाबा कबड्डी खेळायचे हे मला माहीत होतं. कारखान्यातल्या लोकांची एक टीम होती, भिंतीवर कधीकाळी एक फोटोही होता. पण ते सगळं माझ्या जन्माबरोबर संपलं, असंच आम्हाला सांगितलेलं. त्या रविवारी बाबा पुन्हा खुर्चीवर बसले आणि मेथीकडे बघत त्यांनी बाकीचं सांगितलं. मी झाल्यावर आईने त्यांना खेळणं सोडायला लावलं होतं, आणि त्यांनी सोडलं असं तिला सांगितलंही होतं. पण अधूनमधून रविवारी ते जायचे. एका अंतिम सामन्यात उजव्या कोपऱ्याच्या पायात काच घुसली. कप्तान म्हणाला, तू जा तिकडे, कोपरा तो कोपरा. ते गेले. दुसऱ्याच चढाईत डावा हात सोडवायला गेले, तोल गेला, अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे. चढाईवाला सगळा त्यांच्या गुडघ्यावर.

"आणि आई?"

"तिला सांगितलं, मशीनवरून पडलो. रविवारची ड्युटी आहे असंच सांगून निघालो होतो. तिला खरं वाटलं."

"कधीच नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. मग तिने कारखान्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. कुठे थांबवायची तिला?" त्यांनी कागदावरची एक काडी सरळ केली. "पुढे पुढे मलाही मशीनच आठवायचं."

मला राग यायला हवा होता. आईने पंचवीस वर्षं चुकीच्या जागी शिव्या दिल्या होत्या. पण मला फक्त थकवा आला, आणि आईची आठवण. मी मेथी उचलून मोरीत धुवायला गेले.

सोमवारी ऑफिसात पहिलाच डावा टॅकल समोर आला. त्याला उजवीकडे नेलं. शून्य. चार्टमध्ये शून्य. मी ओके लिहिलं, पुढे गेले, पुन्हा मागे आले. शेरा लिहायचा एक रकाना असायचा, तो आम्ही कधी भरत नसू. तिथे मी माझ्या इंग्रजीत लिहिलं की डावीकडून उजवीकडे गेल्यावर काहीच कमी होत नाही, हे बरोबर आहे का?

दुपारी सुपरवायझर खुर्चीपाशी आला. "ताई, हे काय? चार्टशी जुळतंय ना?"

"जुळतंय. पण चार्टच चुकलाय असं वाटतं."

"तुम्हाला?"

"मला."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. अकरा वर्षं मी शेड जुळवल्या होत्या. नमुन्याची पट्टीच उन्हाने उडालेली असली तर ते सांगायची मला सवय होती, आणि ते सांगताना माझा आवाज बदलत असणार. तो म्हणाला, "पाठवतो. पण उत्तर येणार नाही."

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. त्याने ते मला वाचून दाखवलं. "विचारतायत, तुमच्याकडे कुणी खेळलेलं आहे का?"

"माझे वडील."

"हा खेळ?"

"नाही. कबड्डी."

त्याने डोक्याला हात लावला. "मी त्यांना कबड्डी लिहू?"

"लिहा."

डबा खायच्या वेळात आम्ही दोघं ते लिहीत बसलो. सात जण, हाताला हात धरलेली साखळी, कुठला हात मोकळा आणि कुठला अडकलेला. साखळीला इंग्रजीत काय म्हणावं यावरून वाद झाला. शेवटी त्याने माझी दीड पानं आठ ओळींवर आणली आणि पाठवली. त्यावर दोन शब्दांचं आभाराचं उत्तर आलं आणि मग दोन महिने काहीच नाही. मी विसरून गेले. रोजचं काम विसरायला लावतंच.

मग खेळाची नवीन आवृत्ती आली. सोबत काय काय बदललं त्याची यादी. अकराव्या नंबरवर लिहिलं होतं की ओळीतल्या खेळाडूंसाठी आता डावी आणि उजवी बाजू वेगवेगळ्या धरल्या आहेत. बाजू बदलली की समज घसरेल, आणि आठ सामने तिथेच खेळल्यावर हळूहळू भरून येईल. का बदललं, कुणी सुचवलं, त्याबद्दल एक अक्षर नाही. सुपरवायझरने यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि अकराव्या ओळीखाली नखाने रेघ ओढली. एवढंच.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटं झाला. मग कळलं की त्यामुळे आधी तपासलेलं सगळं बाद झालं. प्रत्येक माणूस पुन्हा पहिल्यापासून, आणि आता प्रत्येक बदलीनंतर आठ सामने चालवून दर सामन्याचा आकडा वेगळा लिहायचा. मुदत तीच. मालकांनी केबिनमधून बाहेर येऊन सांगितलं की महिनाभर शनिवार पूर्ण आणि रोज एक तास जास्त.

शेजारची बाई माझ्याकडे वळली. "तूने ही लिखा था ना उनको?"

"हो."

"मेरी बेटी रोज पाच वाजल्यापासून दारात बसते, मालूम है तुझे?"

ती पुढचे पंधरा-वीस दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा उघडला की खुर्ची खिडकीकडे फिरवायची. मी तिच्या यादीतली काही माणसं माझ्याकडे ओढून घेतली, न सांगता. तिला कळलं असावं, पण तिने ते दाखवलं नाही. तो महिना माझ्या आठवणीत नुसता पिवळा आहे, दिवसाही लावून ठेवलेल्या दिव्यांसारखा. रविवारी मी उठायचेच नाही. बाबा चहा करून माझ्या उशाशी आणून ठेवायचे आणि तो गार व्हायचा.

आठ सामन्यांचं मी त्यांना सांगितलं होतं.

"आठ?" ते म्हणाले. "बरे होतात लोक तिकडे लवकर."

पुढे एका सोमवारी सकाळी केबलवर चॅनेल बदलताना तो खेळ लागला. खराखुरा. मी कामावर निघायच्या आधीचा अर्धा तास आम्ही बघत बसलो. मला काही कळत नव्हतं. सगळे एकमेकांवर पडायचे, शिट्टी वाजायची, पुन्हा उभे राहायचे. मी चेंडू शोधत होते. बाबा म्हणाले, "चेंडू सोड. कडेचा बघ. डावीकडचा." आम्ही दोघं तो माणूस बघू लागलो. प्रचंड देहाचा. मधल्याने चेंडू मागे दिला की बाकीचे पुढे जायचे आणि हा मात्र हात छातीशी धरून मागे मागे सरकायचा, बारीक पावलांनी, एवढा देह असून.

"मागे का जातो?" मी विचारलं.

"त्याच्या पाठीमागे कुणीतरी आहे, त्याला इकडचं दिसत नाही. त्याच्या वतीने हा बघतोय." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "चांगला आहे. नाव कुणी घेणार नाही त्याचं." माझी रिक्षाची वेळ झाली होती. मी दार ओढून घेतलं तेव्हा ते अजून बघत होते.

दोन हजार सातच्या सुमाराला त्या कंपनीने आमचं काम बंद केलं. कुणी म्हणालं त्यांनी ते दुसऱ्या देशात दिलं, कुणी म्हणालं कंपनीच विकली. आम्हा सहा जणांना मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. कुणाला काढणार नाही, म्हणाले, आणि शब्द पाळला. आम्हाला खिडकीकडच्या रांगेत हलवलं, दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर चढवायच्या कामावर. अमेरिकेतल्याच दवाखान्यांतले कागद, आजारांचे नंबर, औषधांचे नंबर. पहिल्या महिन्यात माझं काम संपूर्ण रांगेत सगळ्यांत कमी भरलं. बोटं तीच होती, कीबोर्ड तोच. सुपरवायझर तक्ता घेऊन आला, माझ्या नावापुढचा आकडा बघितला आणि पुढच्या खुर्चीकडे गेला.

शेजारची बाई इथेही शेजारीच होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने माझ्याकडे न बघता आपली वही सरकवली. त्यात तिने नेहमी लागणारे नंबर लिहून काढले होते, एका पानावर, मोठ्या अक्षरात. "ये सामने रख," ती म्हणाली. "हर बार मत ढूँढ. मरेगी ढूँढते ढूँढते." मग डब्यातला कढीचा वाटा माझ्या झाकणात ओतला. मुलगी तिसरीत गेली होती. आता दारात बसत नाही, टीव्हीसमोर बसते, असं ती सांगत होती.

त्याच वर्षी बाबांना जिना झेपेनासा झाला. भावाचं घर तळमजल्यावर होतं, म्हणून ते बदलापूरला गेले. जाताना कपड्यांची एक पिशवी आणि रेडिओ घेतला, बाकी सगळं राहू दे म्हणाले. मी दर रविवारी जायचे. मशीनमागची खरी गोष्ट भावाला माहीत नव्हती. वहिनी पाहुण्यांना सांगायची, "कारखान्यात पडले होते हो, तरुणपणी," आणि बाबा मान हलवायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी आणायला आत गेले. त्यांनी सांगितलं नाही तर मी कशी सांगणार?

दोन हजार नऊला डोळ्यांना चष्मा लागला. स्टेशनजवळचे डॉक्टर तरुण होते, त्यांनी दोनदा तपासलं आणि विचारलं, "काम काय करता?"

मी सांगितलं.

"किती वर्षं?"

तेही सांगितलं.

"डोळ्यांना विश्रांती द्या," ते म्हणाले. "दर तासाला उठून लांबचं काहीतरी बघत जा."

मी हो म्हटलं. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, दहा फुटांवर. चष्मा शनिवारी तयार होईल असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.